रस्त्यापलीकडचे ताट

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीच्या सकाळी दहाच्या सुमारास आमच्या घरातून फराळाचे एक ताट निघाले आणि समोरच्या घरी पोचले. यात सांगण्यासारखे काय आहे, असे तुम्ही म्हणाल. दिवाळीत ताटे इकडून तिकडे जायचीच. पण आमचे हे ताट न्यायला माणूस बोलवावा लागला. नातवाने मोबाइलवर दोन-तीन ठिकाणी बोट टेकवले आणि दहा मिनिटांत डोक्याला हेल्मेट व पाठीवर चौकोनी पेटी असा एक तरतरीत मुलगा दारात उभा राहिला. त्याने पत्ता वाचला, गॅलरीतून समोर बोट दाखवले आणि विचारले, "काका, हे समोरचंच घर ना?"

"होय, समोरचंच," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे एकवार पाहिले. हसला मात्र नाही, शहाणा मुलगा. मग त्याने गाडी सुरू केली, डाव्या हाताच्या चौकापर्यंत गेला, तेथे वळला, पलीकडच्या बाजूने उलट आला आणि सात मिनिटांनी माईंच्या दारात जाऊन उभा राहिला. त्याचे बासष्ट रुपये झाले. ताट म्हणतो ते आपले सवयीने. खरे म्हणजे तो प्लास्टिकचा डबा होता. पूर्वी पितळी ताट असे, त्यावर सौ.ने विणलेला रुमाल असे, आणि ते घेऊन ती स्वतः जात असे. "चकली जरा कडक झालीय हो माई," हे वाक्यही ताटाबरोबरच जात असे. डब्याबरोबर ते वाक्य गेले नाही. सौ. गॅलरीत उभी होती. समोरच्या गॅलरीत माई उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींना हात केला. मधून मोटारी जात होत्या.

त्या दिवशी माझ्या ताटातली करंजी मला गोड लागली नाही.

आम्ही या घरात राहायला आलो १९७८ साली. गावाचे नाव सांगत नाही. तुमच्या गावाचे घातलेत तरी गोष्टीत फारसा फरक पडणार नाही. तेव्हा समोरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना कडुनिंब होते. सकाळी सायकलींच्या घंटा, दुपारी एखादा टांगा आणि संध्याकाळी रस्त्याच्या मधोमध क्रिकेट. एस.टी. आली की मुले यष्ट्या उचलून बाजूला होत आणि ती गेली की पुन्हा मांडत. माई आणि त्यांचे यजमान समोर राहात. आमच्या घरातले विरजण मोडले की वाटी घेऊन मुलगा रस्ता ओलांडून त्यांच्याकडे जाई. किती वेळ लागतो, हे कोणी मोजले नव्हते. मोजावे असे ते काही नव्हतेच.

पुढे झाडे गेली आणि रस्ता रुंद झाला. मग वाहने वाढली म्हणून मध्ये दुभाजक आला. माणसे दुभाजकावरून उड्या मारतात म्हणून त्यावर लोखंडी कठडा आला. प्रत्येक सुधारणा झाली तेव्हा आम्ही टाळ्याच वाजवल्या. कठड्याचे उद्‌घाटन झाले त्या दिवशी पेढेही खाल्ले. आपण आणि समोरचे घर यांच्यामध्ये एक नदी वाहू लागली आहे आणि तिच्यावर पूल नाही, हे लक्षात यायला आमचे गुडघे दुखू लागावे लागले.

सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तीन वर्षांपूर्वी. त्याच वर्षी माईंचे यजमान गेले. म्हणजे नेमके जेव्हा एकीने दुसरीकडे जाऊन बसायला हवे होते, तेव्हाच जाणे थांबले. फोन होता, नाही असे नाही. पण फोनवर माणूस बोलतो. गप्प बसता येत नाही. आणि ज्या घरात नुकतेच कोणी गेले आहे, तेथे जाऊन नुसते गप्प बसणे हेच खरे काम असते.

मी चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. दुःख झाले की लोक देवळात जातात. मी कागद-पेन्सिल घेतो. पाडव्याच्या दिवशी दुपारी, सगळे झोपले असताना, मी हिशेब मांडला. रस्त्याची रुंदी चौदा मीटर. आमच्या घरापासून चौक तीनशे मीटर. म्हणजे नियमाने समोर जायचे तर तीनशे मीटर जा, चौदा मीटर ओलांडा, तीनशे मीटर परत या. एकूण सहाशे चौदा. सिग्नलचे गणित करणारे लोक असे धरतात की, पायी माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो. त्या हिशेबाने चौदा मीटरांना बारा सेकंद पुरतात. मी सौ.ला आमच्या इमारतीच्या बोळात चालवून पाहिले. ("हे काय नवीन?" "अगं, चाल तर खरी!") तिचा वेग सेकंदाला अर्धा मीटर भरला. म्हणजे चौदा मीटरांना अठ्ठावीस सेकंद, आणि चौकातून वळसा घातला तर वीस मिनिटे. तीही मध्ये कोठे टेकले नाही तर.

आता दुसरी बाजू. ताशी पन्नास किलोमीटरने येणारी मोटार सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर जाते. गंमत पाहा, आमच्या रस्त्याची रुंदी मोटारीच्या एका सेकंदाएवढी आहे. सौ.चे अठ्ठावीस सेकंद म्हणजे मोटारीचे जवळजवळ चारशे मीटर. दोन्ही दिशांना चारशे मीटर रस्ता रिकामा हवा, तेव्हा ती माईंकडे पोचणार. असा रस्ता आमच्याकडे पहाटे साडेतीनला असतो. पण मध्ये, दुभाजकात, उभे राहण्यापुरती जागा मिळाली तर? मग एका वेळी एकाच बाजूकडे पाहायचे, सात मीटर चालायचे, थांबायचे, श्वास घ्यायचा आणि उरलेले सात मीटर चालायचे. चारशेचे दोनशे झाले. आणि वाहनांचा वेग तीसवर आणला तर दोनशेचे एकशेसतरा. उत्तर कागदावर आले तेव्हा मला जो आनंद झाला, तो अवघड प्रमेय सुटल्यावर होतो तसा होता. हे सुटण्यासारखे गणित होते. दुभाजकात एक खिंड, रस्त्यावर पांढरे पट्टे आणि वेग उतरवणारा सपाट उंचवटा, एवढेच पाहिजे होते.

अर्ज लिहायचा तर नुसत्या सौ.च्या गुडघ्यावर लिहून चालणार नव्हते. आणखी कोण कोण ओलांडते? कठड्याचा एक गज कोणीतरी वाकवून ठेवला होता आणि त्या फटीतून शाळेची मुले, धुण्याभांड्याच्या बायका, दूधवाला असे सारे निसटत असत. मी आणि नातू गॅलरीत बसलो. आजीचे चिंचोके आणले. एक माणूस पलीकडे गेला की एक चिंचोका वाटीत टाकायचा. पाच ते सहा या तासात दोनशे चौदा चिंचोके पडले. दुसऱ्या दिवशी दोनशे आठ. नातू म्हणाला, "आजोबा, कॅमेऱ्याने आपोआप मोजता येतं." मी म्हटले, "येत असेल. पण मग आपण पाहिलं असं होत नाही." खरोखरच, आम्ही पाहिले. एक मुलगी आपल्या धाकट्या भावाचे दप्तर आधी फटीतून पलीकडे टाकायची, मग भावाला, मग स्वतः. ती रोज तसे करायची. मी वर्षानुवर्षे गॅलरीत बसून वर्तमानपत्र वाचत आलो आणि ती मला दिसली नव्हती.

सह्या गोळा करायला निघालो तेव्हा कळले की, रस्ता ओलांडणे सोपे, माणसांना एकमतावर आणणे कठीण. आमच्या इमारतीतले एक सद्‌गृहस्थ म्हणाले, "पट्टे कसले मागता? पूल मागा पूल! पादचारी पूल!" मी त्यांना विचारले, "पायऱ्या किती?" ते म्हणाले, "असतील चाळीस." मला हसू आवरेना. ज्याच्या पायांत बळ नाही त्याने चाळीस पायऱ्या चढून चाळीस उतरायच्या, आणि ज्याच्याजवळ इंजिन आहे त्याने सपाटीवरून जायचे! असे पूल मी पाहिले आहेत. त्यांच्यावर जाहिराती छान दिसतात आणि खालून माणसे रस्ता ओलांडत असतात.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारांची अडचण वेगळी होती. पट्ट्यांच्या जवळ मोटारी उभ्या राहिल्या तर त्यांच्या आडून येणारे मूल चालकाला दिसत नाही. म्हणून तेथली गाड्यांची जागा जाणार. "मास्तर, माझं गिऱ्हाईक गाडी कुठं लावणार? तुमच्या डोक्यावर?" आम्ही पुन्हा चिंचोके काढले. एका संध्याकाळी त्यांच्या दुकानात बेचाळीस गिऱ्हाइके आली, त्यांतली सहा मोटारीतून. मी वाटी त्यांच्या गल्ल्यावर नेऊन ठेवली. त्यांनी चिंचोके स्वतः पुन्हा मोजले. व्यापारी माणूस, दुसऱ्याच्या मोजणीवर कसा विश्वास ठेवील? मग सही केली आणि सहीखाली लिहिले, "विरोध नाही. संमतीही नाही." अशी सही माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

अर्ज लिहिताना मला आठवण झाली ती पट्ट्यांच्या इतिहासाची. १८९६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपाशी ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची एक बाई मोटारीखाली सापडून गेली. ब्रिटनमध्ये मोटारीच्या धक्क्याने गेलेली ती पहिली पादचारी. चालकाच्या म्हणण्याप्रमाणे गाडीचा वेग ताशी अवघा चार मैल होता. पुढे १९३४ साली तेथल्या वाहतूकमंत्र्यांनी, लेस्ली होअर-बेलिशा यांनी, ओलांडण्याच्या जागी काळ्या-पांढऱ्या खांबांवर नारिंगी गोळे बसवले. आणि काळ्या डांबरावरचे पांढरे पट्टे पहिल्यांदा रंगवले गेले ते १९५१ च्या ऑक्टोबरात, स्लाव नावाच्या गावी. म्हणजे त्या बाईपासून पट्ट्यांपर्यंत पंचावन्न वर्षे गेली. आपल्याकडेही काही कमी विचार झालेला नाही. रस्त्यांचा विचार करण्यासाठी १९२७ साली सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्या समितीच्या शिफारशींतूनच १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली, आणि पायी चालणाऱ्यांसाठी काय काय असावे, याची तिने काढलेली पुस्तिका आजही अभियंत्यांच्या टेबलावर असते. जेथे सिग्नल नाही तेथे पट्ट्यांपाशी चालकाने वेग कमी करून, थांबून पादचाऱ्याला वाट द्यायची, असे २०१७ च्या केंद्रीय नियमांत स्पष्ट म्हटले आहे. विद्या आहे, नियम आहे. तरी २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. हा आकडा मी अर्जात लिहिला तेव्हा नातवाने विचारले, "आजोबा, एवढे चिंचोके केवढ्या पोत्यात मावतील?" मी त्याला उत्तर दिले नाही.

अर्ज घेऊन कार्यालयात गेलो. आवक-जावकच्या खिडकीत अर्ज घेणाऱ्या गृहस्थांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, याचे मला कौतुक वाटले. मग त्यांनी चष्मा वर केला आणि विचारले, "काका, तिथं अपघात झालाय का?"

"नाही," मी म्हणालो. "म्हणूनच तर आलो."

"तसं नव्हे. म्हणजे कसंय, झालेला असला की फाईल हलते. गेलंय का कोणी?"

ते दुष्टपणाने बोलत नव्हते. त्यांच्या आवाजात मला मदत करण्याची इच्छाच होती. ते मला वाट दाखवीत होते. फक्त ती वाट कोणाच्या तरी अंगावरून जात होती. मी पोचपावती घेतली. तेथून वाहतूक शाखेकडे जायला सांगण्यात आले. तेथे कळले की, ते ना-हरकत देतात, रंग मारत नाहीत. परत आलो तेव्हा कळले की, रंग मारतात, पण ना-हरकतीशिवाय नाही. दोन्ही म्हणणी बरोबर होती आणि मी दोन्हींच्या मध्ये, दुभाजकावर उभा होतो.

घरी येऊन मी तावातावाने दुसरा अर्ज लिहायला बसलो. "वाहनचालकांची बेपर्वाई" असे शब्द त्यात घातले आणि सौ.ला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, यात तुम्ही आलात का?"

मला क्षणभर कळले नाही. मग कळले.

१९८६ साल. माझी स्कूटर नवी होती. नंबर लागायला चार वर्षे थांबलो होतो. सकाळच्या शाळेची घंटा सात वाजून दहा मिनिटांनी व्हायची आणि मला उशीर झाला होता. याच रस्त्यावर, आमच्या घरापासून थोडे पुढे, एक म्हातारा हातात दुधाची किटली घेऊन रस्ता ओलांडत होता. अर्ध्यावर आला होता. मी हॉर्न वाजवला. नुसता वाजवला नाही, वाजवीत राहिलो. तो गडबडला, पुढे जावे की मागे फिरावे हे त्याला सुचेना, मागे फिरला आणि पडला. माझा त्याला धक्का लागला नाही. स्कूटरच्या आरशात मला दिसली ती त्याची पडलेली टोपी आणि काळ्या डांबरावर पसरत चाललेले दूध. कोणीतरी त्याच्याकडे धावले. मी थांबलो नाही. घंटेच्या आधी दोन मिनिटे वर्गावर पोचलो. त्या दिवशी मी मुलांना काळ-काम-वेगाची उदाहरणे घातली होती.

रात्री सौ.ला सांगितले होते. ती तेव्हा एवढेच म्हणाली होती, "उद्या बघून या तरी." मी गेलो नाही. आधी वेळ नव्हता, मग लाज होती, मग विसरलो. विसरलो असे मला वाटत होते. ती विसरली नव्हती.

मी अर्जातली "बेपर्वाई" खोडली. नवा कागद घेतला आणि लिहिले की, आपल्या कार्यालयाने या ठिकाणी अपघात झाला आहे काय, असे विचारले होते. होय, झाला आहे. १९८६ साली एक वृद्ध गृहस्थ येथे रस्ता ओलांडताना पडले. याची नोंद कोठेही नाही, कारण त्याला मी कारण झालो आणि मी थांबलो नाही. त्यांना किती लागले, हे मला आजपर्यंत माहीत नाही. येथे ओलांडायला जागा असती तर माझ्यासारख्या उशीर झालेल्या माणसाला कदाचित थांबण्याची आठवण झाली असती. खाली सही केली. शाळेत इतकी वर्षे चुकांखाली लाल रेघा मारल्या, पण स्वतःच्या चुकीखाली सही करण्याची ही पहिलीच वेळ.

हा कागद खिडकीतून आत गेला आणि दोन दिवसांनी मला बोलावणे आले. येथे वाचकांची अशी अपेक्षा असेल की, आतले साहेब माझे जुने विद्यार्थी निघाले. तसे काही झाले नाही. तेथे एक तरुण मुलगी बसली होती, कनिष्ठ अभियंता. माझ्या गावातही ती कधी शिकली नव्हती. तिने तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "सर, हे फाईलला लावता येणार नाही."

"का? खोटं नाही त्यात काही."

"खोटं नाही म्हणूनच. घेऊन जा तुम्ही." मग थोडे थांबून म्हणाली, "उद्या संध्याकाळी पाच वाजता मी जागेवर येते."

ती आली, हातात टेप घेऊन. या बाजूची मापे झाली. पलीकडची घ्यायची होती. ती कडेला उभी राहिली. एक पाऊल पुढे, दोन मागे. मी घड्याळ लावले. सहा मिनिटे ती तेथेच होती. शेवटी वळून हसली आणि म्हणाली, "सर, रिपोर्ट झाला माझा."

पण माझी जागा तिने मान्य केली नाही. मी घराच्या बरोबर समोर पट्टे मागितले होते. स्वार्थ, दुसरे काय! ती म्हणाली, येथून वळण जवळ आहे, येणाऱ्या गाडीला माणूस उशिरा दिसेल. शिवाय बसथांबा पुढे आहे. पट्टे बसच्या पुढच्या बाजूला पडले तर बसच्या आडून निघालेली मुले मागून येणाऱ्या मोटारीला दिसणार नाहीत. पट्टे थांब्याच्या मागे हवेत, म्हणजे माणूस बस गेल्यावर तिच्या मागून ओलांडील. पंचवीस मीटर अलीकडे सरकले. गणितात माझी चूक काढणारे माणूस मला बऱ्याच वर्षांनी भेटले. बरे वाटले.

मग पावसाळा आला आणि फाईल छत्रीखाली बसली. मी दर सोमवारी जात राहिलो. खिडकीतले गृहस्थ मला चहा विचारू लागले. २०२१ च्या ११ डिसेंबरला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळला होता, त्याची बातमी त्यांनीच मला सांगितली. ते मुद्दाम तेथे गेले होते. "रस्त्याच्या मधून चाललो काका, बायकोबरोबर. लग्नानंतर पहिल्यांदा शेजारी शेजारी चाललो. एरवी ती मागं, मी पुढं, फुटपाथवर जागाच नसते ना." त्या दिवसापासून माझी फाईल त्यांच्या टेबलावर वरच्या बाजूला दिसू लागली.

गणपती गेले आणि एका रात्री आवाज झाला. मी गॅलरीत आलो. चार माणसे कठडा कापीत होती. पुढच्या आठवड्यात उंचवटा झाला, पदपथाच्या पातळीला, म्हणजे पायरी उतरायलाही नको. आणि मग एका पहाटे, डांबरावर पांढरा रंग. मी खाली जाऊन उभा राहिलो. काळ्यावर पांढरे पसरत गेलेले मी त्या रस्त्यावर पूर्वीही पाहिले होते. रंगवणाऱ्याने विचारले, "काय झालं बाबा?" मी म्हणालो, "काही नाही. छान झालंय."

वाचकहो, येथे गोष्ट संपवावी असा मोह होतो. पण पहिले आठ दिवस एकही वाहन थांबले नाही. उंचवट्यावर वेग कमी होई, एवढेच. पट्ट्यांवर माणूस दिसला की हॉर्न अधिक जोरात वाजे. जणू रस्त्यावर रंग मारून आम्ही कोणाची तरी जागा बळकावली होती. नातू रागावे. मी रागावत नसे. हॉर्न वाजवणाऱ्या प्रत्येकाला कोठल्यातरी घंटेआधी पोचायचे आहे, हे मला ठाऊक होते.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सौ.ने ओटीचा नारळ पिशवीत घातला, काठी घेतली आणि म्हणाली, "चला." मी म्हटले, "आज गर्दी आहे, उद्या..." ती जिना उतरूही लागली होती. पट्ट्यांच्या कडेला आम्ही उभे राहिलो. माझ्याच छातीत धडधडत होते. एक बस आली. चालकाने आम्हांला पाहिले, आणि बस थांबली. एवढी मोठी गाडी आडवी थांबल्यावर मागच्यांना थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. सौ. उतरली. मध्यावर, दुभाजकाच्या खिंडीत, ती थांबली, वळली आणि बसच्या चालकाकडे पाहून तिने काठीसकट हात जोडले. त्याने स्टिअरिंगवरचा हात वर केला. मग उरलेले सात मीटर. तेथे फटफटीवरचा एक मुलगा थांबला. पाठीवर चौकोनी पेटी होती. गेल्या वर्षीचाच होता की नाही, सांगता येत नाही. ती पेटी पाठीवर असली की सगळे सारखेच दिसतात.

माई खाली येऊन उभ्या होत्या. मला वाटले, आता दोघी रडतील. माई म्हणाल्या, "नारळ कशाला आणलास? घरात तीन पडलेत." आणि सौ. म्हणाली, "चहा ठेवा आधी. फार चालले मी." मग दोघी आत गेल्या. मी बाहेर ओट्यावर बसलो. बराच वेळ आतून काही आवाज आला नाही. त्या गप्प बसल्या होत्या.

हा रंग पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकेल असे मला वाटत नाही. म्हणून अर्जाची एक प्रत मी आत्ताच काढून ठेवली आहे. तारीख तेवढी घालायची. १९८६ चा तो कागदही त्याच फाईलमध्ये आहे. ज्यांच्यासाठी तो लिहायला हवा होता, त्यांना तो पोचवण्याची वाट मला ठाऊक नाही. सकाळी शाळेच्या वेळी मी आता वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत बसत नाही; खाली पट्ट्यांपाशी जाऊन उभा राहतो. ती मुलगी भावाचा हात धरून येते. दप्तर आता त्याच्या पाठीवरच असते.

भाजणी दळून आली आहे. पितळी ताट माळ्यावरून काढून चिंचेने घासून ठेवले आहे. या दिवाळीत तुम्ही मोटारीतून किंवा स्कूटरवरून चाललेले असाल आणि रस्त्याच्या कडेला रुमालाने झाकलेले ताट घेऊन कोणी म्हातारी उभी दिसली, तर क्षणभर थांबा. तिला अठ्ठावीस सेकंद लागतात. मी मोजले आहेत.